जुन्या गिटार अ‍ॅम्पमधले व्हॉल्व्ह: छाप पुसली असेल तर ओळखायचे कसे, आणि ठेवायचे की काढायचे?

खाडीपल्याड (कोपरी, ठाणे)

दोन अ‍ॅम्प उघडून ठेवलेत. एक मार्शलचा ५० वॅटचा हेड (स्पीकर वेगळा लागतो तो): दोन ईएल३४ (मोठे पॉवर व्हॉल्व्ह), तीन ईसीसी८३ (आधी सिग्नल वाढवणारे लहान व्हॉल्व्ह). दुसरा फेंडर सुपर रिव्हर्ब, अमेरिकन व्होल्टेजचा, दोन ६एल६जीसी (तेही पॉवर व्हॉल्व्ह). कुठला व्हॉल्व्ह (काचेची व्हॅक्यूम ट्यूब) कधी बदलला याची नोंद नाही. हेडमध्ये दिसतंय ते असं:

पहिला ईसीसी८३ (इनपुटजवळचा): छाप पुसलेली. काचेवर खालच्या अंगाला बारीक करड्या अक्षरांत "आय६३", त्याखाली "बी५एच२".
दुसरा: छाप अजिबात नाही. तळाला पिनांच्या मधोमध काचेतच शंकरपाळ्यासारखी खूण.
तिसरा: चकचकीत "मुलार्ड" छाप, काचेवर कोड नाही.
ईएल३४ दोन्ही "एक्सएफ२". एकाखाली "बी८के३", दुसऱ्याची खालची ओळ वाचता येत नाही. या दुसऱ्याच्या डोक्यावरचा चंदेरी थर कडेने तपकिरी पडलाय.

अजून काहीही चालू केलेलं नाही. यातलं ठेवण्यासारखं काय? आणि फेंडरमध्ये ६एल६च्या जागी ईएल३४ बसतो असं सांगतात, तळ तर सारखाच आहे. खरं का?

सोल्डर_आणि_चहा (नेरुळ)

चालू केलं नाहीत हे उत्तम. आणि छाप पुसू नका, धुवू नका, स्पिरिट तर लावूच नका. मुलार्डची जुनी छाप बोटाच्या घामानेही निघते. पुसट असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोडा किंवा व्हॉल्व्ह दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा. दव धरलं की गेलेली अक्षरं क्षणभर उमटतात, तेवढ्यात फोटो काढायचा. नवी मुंबईच्या हवेत दव धरायला फार वाट बघावी लागत नाही.

आता तुमचे कोड. फिलिप्स गटातल्या कारखान्यांची पद्धत अशी: वरच्या ओळीत प्रकाराची खूण आणि आवृत्तीचा आकडा, खालच्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना, आठवडा. "आय६" म्हणजे ईसीसी८३, "३" ही आवृत्ती. "बी" म्हणजे मुलार्डचा इंग्लंडमधला ब्लॅकबर्न कारखाना, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, "एच" आठवा महिना (ए जानेवारी, एल डिसेंबर), २ दुसरा आठवडा. दशक कोडमध्ये नसतं, ते आतल्या बांधणीवरून ठरवायचं. १९५५च्या सुमाराचे मुलार्ड ईसीसी८३ लांब प्लेटचे (प्लेट म्हणजे आतली करंट गोळा करणारी धातूची पत्री), साधारण १७ मिलिमीटरचे, आणि त्यांचा कोड "एमसी१". आय६३ची प्लेट आखूड, साधारण १४ मिलिमीटर, उभ्या वळ्यांची. फूटपट्टी काचेला लावून पाहा. १४ भरली तर ऑगस्ट १९६५ धरायला हरकत नाही.

ईएल३४ची खूण "एक्सएफ". बी८के३ म्हणजे ब्लॅकबर्न, नोव्हेंबर, तिसरा आठवडा, बहुधा १९६८.

शंकरपाळी म्हणजे जर्मन टेलिफुंकेन कंपनी. ती साच्यातच उठवलेली असते, नख फिरवलं तर लागते. नुसती छापलेली किंवा खरवडलेली वाटली तर शंका घ्या.

तिसरा मात्र जुना नाही. मुलार्ड, टंग-सोल, गोल्ड लायन ही नावं आज अमेरिकेतल्या न्यू सेन्सरकडे आहेत आणि माल रशियातल्या साराटोव्हमध्ये बनतो. व्हॉल्व्ह वाईट नाही, पण "जुना इंग्लिश मुलार्ड" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पारसिक (कळवा)

एक पुरवणी. छाप हा सगळ्यांत कच्चा पुरावा. त्या काळातही कारखाने एकमेकांचा माल आपल्या नावाने विकत. खोक्यावर एक नाव, काचेवर दुसरं, आत तिसऱ्याचं काम, हा प्रकार नेहमीचा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी काचेतला कोड, मग प्लेटचा आकार आणि गेटरची (चंदेरी थराची) कडी, मग छाप, आणि खोकं सर्वांत शेवटी.

फेंडरमधल्या अमेरिकन व्हॉल्व्हवर तीन आकडी कारखाना-क्रमांक शोधा. २७४ आरसीए, १८८ जीई, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल, २८० रेथियॉन. त्यापुढे तारीख: चार आकडे असतील तर वर्ष आणि आठवडा, तीन असतील तर वर्षाचा एकच आकडा. "३१२ ६४१२" म्हणजे सिल्व्हेनिया, १९६४चा बारावा आठवडा. आरसीएच्या पुष्कळ व्हॉल्व्हवर प्रकाराचा क्रमांक अष्टकोनात कोरलेला असतो. बाकी सगळी छाप उडाली तरी तो उरतो.

घणसोली_ग्राउंड

ईएल३४ फेंडरमध्ये: थांबा.

तळ सारखा, पण पिन १ सारखी नाही. ६एल६जीसीला पिन १चं आत काही काम नसतं. ईएल३४मध्ये तिथे सप्रेसर ग्रिड (आतली एक जाळी) असते आणि ती पिन ८ला, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) जोडलेली हवी. मार्शलमध्ये १ आणि ८ जोडलेल्याच असतात. फेंडरने मात्र पिन १ रिकामी बघून तिचा खुंटीसारखा वापर केला: ग्रिडचा १.५ किलोओहमचा रेझिस्टर १ आणि ५च्या मध्ये टाकलेला असतो. तिथे ईएल३४ खुपसला की सप्रेसरवर बायसचं (करंट आवरण्यासाठी कंट्रोल ग्रिडला दिलेलं) उणे व्होल्टेज आणि वर सिग्नलही जातो.

दुसरं, हीटर (कॅथोड तापवणारी आतली तार). ६एल६जीसी ०.९ अँपियर घेतो, ईएल३४ १.५. दोन नगांमागे १.२ अँपियर जादा, तेही साठ वर्षं जुन्या ट्रान्सफॉर्मरवर. बायसही वेगळा. सॉकेट पुन्हा वायर केल्याशिवाय हा उद्योग नको, आणि केल्यावरही त्या ट्रान्सफॉर्मरचा जीव कशाला घ्यायचा?

खाडीपल्याड

फेंडरचा विषय संपला, त्यात ६एल६च राहतील. तपकिरी कडेचं काय? तो गेलेला समजायचा का?

सोल्डर_आणि_चहा

नाही. तो चंदेरी थर म्हणजे गेटर, बेरियमचा लेप. आत उरलेला वायू तो शोषून घेतो. वापराने कड तपकिरी होते, थर थोडा विरळ दिसतो, एवढंच. मुळात थर किती जाड हे कारखान्यागणिक बदलतं, त्यामुळे गेटर बघून "सत्तर टक्के जीव आहे" वगैरे सांगणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. फक्त एक रंग निर्णायक: दुधासारखा पांढरा. म्हणजे हवा शिरली, विषय संपला. असा व्हॉल्व्ह बसवूनही बघायचा नाही.

बाहेरून आणखी काय बघाल: काचेला पिनांजवळ केसासारखी चीर, आत अभ्रकाचे सुटे तुकडे, ऑक्टल (आठ पिनांचा) तळ काचेपासून हलतोय का, मधली किल्ली (दिशा ठरवणारी खुंटी) तुटलीय का. किल्ली तुटलेला ऑक्टल आठ प्रकारे बसतो आणि त्यातला एकच बरोबर असतो. तळ हलत असेल तर फेविक्विक नको, उष्णतेने ते सुटतं. उष्णता सोसणारं सिलिकॉन कडेने भरा. हीटर येत-जात असेल तर पिन २ आणि ७च्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावून थोडं ताजं सोल्डर ओढून घ्या. पोकळ पिनेतला जुना सांधा तडकलेला असतो. मेलेला समजून टाकलेले कित्येक ईएल३४ एवढ्यावर चालू होतात.

वाशी_खाडी

पिनांवर काळपट थर असेल तर बारीक सँडपेपर मारा, चकाचक.

पारसिक

सँडपेपर नको. मुलामा निघतो आणि वाळूचे कण सॉकेटमध्ये जाऊन बसतात. मऊ वायर ब्रश किंवा फायबर ग्लासची पेन, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. आणि पिनांपेक्षा सॉकेटकडे बघा. खाडीकाठच्या हवेत सॉकेटच्या पकडी आधी सैल पडतात आणि मग काळ्या. अ‍ॅम्प बंद, कपॅसिटर रिकामे, आणि मग दाभणाने प्रत्येक पकड हळूच आत दाबायची. व्हॉल्व्ह हलवल्यावर येणारी खरखर निम्म्या वेळा सॉकेटची असते, बदनाम होतो व्हॉल्व्ह.

घणसोली_ग्राउंड

"कपॅसिटर रिकामे" हे सहज लिहून जाऊ नका. मार्शलच्या फिल्टर कपॅसिटरवर ४५० व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही टिकू शकतं. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्हीकडे इन्सुलेटेड क्लिप, चॅसिस आणि कपॅसिटरच्या धन टोकात अर्धा मिनिट धरा. मग मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आलंय हे बघा आणि तेव्हाच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामं करायची पद्धत जुन्या मिस्त्र्यांनाच लखलाभ. मोजताना एक हात खिशात. आणि स्पीकर न लावता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

खाडीपल्याड

समजलं. मल्टिमीटरने थंड व्हॉल्व्हवर काय तपासता येतं?

सोल्डर_आणि_चहा

दोनच गोष्टी: हीटर तुटला आहे का आणि आत शॉर्ट आहे का.

ईसीसी८३: पिन ४ ते ५, थंड असताना साधारण १० ते २० ओहम. पिन ९ मधला टॅप, त्यापासून दोन्हीकडे निम्मं-निम्मं. गरम झाल्यावर हा ८४ ओहम होतो (१२.६ व्होल्ट, ०.१५ अँपियर), म्हणून थंडचा कमी आकडा बघून घाबरू नका. ईएल३४: पिन २ ते ७, एक ओहमच्या आत, म्हणजे मीटरच्या वायरींचा ओहम वजा करून वाचा. बाकी कुठल्याही दोन पिनांमध्ये सर्किट उघडं हवं. अपवाद आतूनच जोडलेल्या पिनांचा.

यात पास झाला म्हणजे व्हॉल्व्ह चांगला असं मुळीच नाही. फक्त सर्किटमध्ये घालून बघण्याइतपत सुरक्षित.

वाशी_खाडी

एमिशन टेस्टरवर लावून "गुड" दाखवलं की झालं ना? जुन्या रेडिओवाल्यांकडे असतो.

पारसिक

एमिशन टेस्टर सगळ्या ग्रिड प्लेटला जोडून व्हॉल्व्हचा डायोड करतो आणि कॅथोडमधून किती करंट निघतो ते दाखवतो. ग्रिडचा ताबा किती, हे त्याला कळतच नाही. मेलेला ओळखायला उपयोगी, चांगला ठरवायला नाही. त्यासाठी म्युच्युअल कंडक्टन्स (ग्रिडच्या व्होल्टेजने प्लेटचा करंट किती बदलतो ते) मोजणारा टेस्टर हवा, एव्हो किंवा अमेरिकन टीव्ही-७सारखा. पुस्तकातले आकडे: ईसीसी८३ २५० व्होल्टला १.६ मिलिअँप प्रति व्होल्ट, ईएल३४ ११, ईएल८४ ११.३.

तरीही टेस्टरला खरखर आणि मायक्रोफोनी (धक्का लागला की व्हॉल्व्हनेच आवाज करणं) कळत नाही. गिटार अ‍ॅम्पमध्ये पहिल्या जागेला नेमकं तेच महत्त्वाचं. त्यापेक्षा अ‍ॅम्प हाच टेस्टर धरा.

सोल्डर_आणि_चहा

+१. आता क्रमाने चालू करू.

१. मागचा व्होल्टेज सिलेक्टर. आपल्याकडे २३० लिहिलं तरी सॉकेटला २४०च्या वर मिळणं नवं नाही, तेव्हा मोजा आणि सगळ्यात जवळच्या वरच्या खुणेवर लावा. फेंडर १२० व्होल्टचा, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. हीटरच्या टोकाला एसी ६.३ व्होल्ट, दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ५.७ ते ६.९. त्यावर गेलं तर जुने व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात.

२. सगळे व्हॉल्व्ह काढून सिरीज बोर्डावर (मेनच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड), ६० वॅटचा तारेचा बल्ब. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड किंवा फिल्टर कपॅसिटर. बल्ब एलईडी नको, हसू नका, हे लिहावं लागतं.

३. व्हॉल्व्ह घालून सिरीज बोर्डावर मोजलेल्या बायसला अर्थ नाही. दोन ईएल३४ आणि तीन ईसीसी८३ मिळून हीटरलाच ३.९ अँपियर, म्हणजे जवळजवळ २५ वॅट लागतात. बल्ब सगळं व्होल्टेज खाऊन टाकतो. व्हॉल्व्हशिवायची पायरी पास झाली की बोर्ड बाजूला करायचा.

४. पॉवर व्हॉल्व्ह बाहेर ठेवूनच पिन ५वर बायस मोजा. दोन्ही सॉकेटला सारखंच उणे व्होल्टेज हवं. हे न बघता ईएल३४ घालू नका. बायस गेला असेल तर प्लेट मिनिटाभरात लाल होते.

५. पिन ४चे (स्क्रीन ग्रिड या आतल्या दुसऱ्या जाळीचे) रेझिस्टर, मार्शलमध्ये १ किलोओहम ५ वॅट. आधी कधी व्हॉल्व्ह शॉर्ट झाला असेल तर हे हमखास उडालेले सापडतात.

६. पिन ८ आणि ग्राउंडमध्ये १ ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर. त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँप.

ईएल३४ची प्लेट २५ वॅटची. ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, भागिले प्लेटचं व्होल्टेज. ४५० व्होल्टला ३९ मिलिअँप. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीनचेही दोन-चार मिलिअँप असतात, त्यामुळे प्लेटचा खरा करंट थोडा कमीच.

घणसोली_ग्राउंड

लाल प्लेट दिसली तर लगेच मेन स्विच बंद. "जरा बघू अजून वाढतंय का" करायचं नाही. फ्यूजही मोठा टाकायचा नाही.

वाशी_खाडी

आणि निळा प्रकाश दिसला तर व्हॉल्व्ह गॅसी, फेकून द्या.

पारसिक

फेकायच्या आधी माझ्याकडे पाठवा :)

निळा कुठे आहे ते बघा. काचेच्या आतल्या अंगावर निळी झाक, वाजवताना हलणारी, ही निर्धोक. सुटे इलेक्ट्रॉन काचेवर आपटतात त्याची. चांगल्या ६एल६ आणि ईएल३४मध्ये ती ठळक दिसते. इलेक्ट्रोडच्या मध्ये धुक्यासारखा जांभळट-गुलाबी उजेड असेल आणि करंट आपोआप चढत असेल, तर तो वायू. तो व्हॉल्व्ह बाद.

सोल्डर_आणि_चहा

ईसीसी८३ची परीक्षा सोपी. आवाज मध्यम, पेन्सिलच्या रबरी टोकाने प्रत्येकावर हलकी टिचकी. थोडा टक-टक आवाज पहिल्या जागेला येणारच. टिचकी घंटेसारखी घुमत राहिली किंवा शिट्टी लागली तर तो मायक्रोफोनिक. टाकू नका, इनपुटपासून सगळ्यात लांबच्या जागेवर, फेज इन्व्हर्टरला (दोन पॉवर व्हॉल्व्हना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारी जागा) लावा. तिथे त्याच्यापुढे वाढवणारं फारसं काही नसतं, कटकट ऐकू येत नाही. खरखर असेल तर एकेक जागा बदलून बघा: आवाज व्हॉल्व्हबरोबर फिरला तर व्हॉल्व्ह, जागेवर राहिला तर प्लेटचा १०० किलोओहम.

व्होल्टेजही बोलतं. १०० किलोओहमवर साधारण १०० व्होल्ट पडले तर १ मिलिअँप वाहतोय, ठीक. प्लेटवर सप्लायइतकंच व्होल्टेज असेल तर व्हॉल्व्ह वाहत नाही किंवा कॅथोडचा रेझिस्टर उघडा.

उपवन_तळ्याकाठी

जरा बाजूचा प्रश्न. चोर बाजारातून आणलेल्या जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला चालतात का?

पारसिक

पहिलं अक्षर वाचा. "ई" म्हणजे ६.३ व्होल्ट हीटर, "यू" म्हणजे १०० मिलिअँपची सिरीज साखळी. ईएल८४ (छोटा पॉवर व्हॉल्व्ह) आणि ईझेड८१ (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर) निघाले तर दिवाळी. मार्शलचा १८ वॅट नेमका दोन ईएल८४ आणि एका ईझेड८१वर चालतो. यूएल८४ दिसायला तसाच, पण हीटर ४५ व्होल्टचा. निरुपयोगी. ईझेड८० आणि ईझेड८१ची पिनरचना एक, पण ८० फक्त ९० मिलिअँप देतो, ८१ १५० देतो. ८१च्या जागी ८० नको.

बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे "बेल" छापाचे ईसीसी८३ आणि ईएल८४ दिसले तर नाक मुरडू नका. फिलिप्सच्या सहकार्याने बनलेला माल आहे. परदेशी नाव नाही म्हणून मागे पडतो, इतकंच.

खाडीपल्याड

सगळं क्रमाने केलं. प्लेट ४५५ व्होल्ट. एका सॉकेटला ३४ मिलिव्होल्ट, दुसऱ्याला ६१. तपकिरी कडेचा व्हॉल्व्ह ६१वाल्या सॉकेटमध्ये आहे. तोच गेला ना?

घणसोली_ग्राउंड

लगेच बंद करा. ४५५ गुणिले ६१ म्हणजे २७.८ वॅट, २५च्या वर. थंड झाल्यावर दोघांची अदलाबदल करा, दहा सेकंदांत वाचून बंद करा.

खाडीपल्याड

६१ त्याच सॉकेटला राहिले. तपकिरीवाला आता ३४वर आहे.

सोल्डर_आणि_चहा

मग व्हॉल्व्ह निर्दोष. दोन्ही ईएल३४ काढा, फेज इन्व्हर्टर जागेवर ठेवा, स्टँडबायचा स्विच वाजवायच्या स्थितीत टाकून दोन्ही पिन ५ वाचा. स्टँडबायवर वाचलं तर दोष लपतो.

खाडीपल्याड

एकावर उणे ४१, दुसऱ्यावर उणे ३६.

सोल्डर_आणि_चहा

सापडला. त्या बाजूचा ०.०२२चा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय. बायसचा रेझिस्टर २२० किलोओहम, त्यावर ५ व्होल्ट जादा म्हणजे २३ मायक्रोअँप. फेज इन्व्हर्टरची प्लेट २०० व्होल्टच्या आसपास धरली तर कपॅसिटर १० मेगओहमच्या रेझिस्टरसारखा वागतोय. मीटरच्या ओहम रेंजवर, थंड, हा दोष बहुतेक वेळा दिसतच नाही. नवा व्हॉल्व्ह घातला असता तर तोही सहा महिन्यांत गेला असता.

लॅमिंग्टन रोडला "२२३ के ६३०" लिहिलेला पॉलिप्रॉपिलिन मागा: ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. दोन्ही बाजूंचे बदला. जुने काढताना वायरी आखूड कापू नका, त्या बोर्डावरच्या खुंट्या नाजूक असतात.

पारसिक

आणि अ‍ॅम्प घोडबंदर रोडने कुठे नेणार असाल तर व्हॉल्व्ह काढून, कागदात गुंडाळून, वेगळ्या डब्यात. खड्डे मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह तयार करतात.

खाडीपल्याड

दोन्ही बदलले. पिन ५ दोन्हीकडे उणे ४१. करंट ३४ आणि ३६. टिचकी मारल्यावर आय६३ शांत आहे, शंकरपाळीवाला थोडा घुमतो, तो इन्व्हर्टरला नेला. बायस ३९वर चढवू का?

घणसोली_ग्राउंड

४५५ला सत्तर टक्के ३८च होतात, आणि ती वरची हद्द आहे. ३४-३६वर आवाज साफ असेल तर हात लावू नका. अर्धा तास चालवून पुन्हा वाचा. एखादा चढत गेला तर लिहा.

खाडीपल्याड

अर्ध्या तासाने ३५ आणि ३६. ३५वाला तपकिरी.